सीटखालची ऊब

पहिल्यांदा नळ गुरगुरला. गाडीतल्या छोट्या बेसिनचा नळ, त्याला आतून मोटर आहे आणि मोटरला बॅटरी लागते. मी बाळाची वाटी धुवायला नळ सोडला, तर घशात काही अडकल्यासारखा आवाज करून तो गप्पच झाला आणि वरचा दिवा पिवळा होत होत गेला. ह्यांना वाटलं वायर ढिली झाली असेल. मला मात्र तेव्हाच वाटलं की ह्यात कुणाचा तरी हात आहे.

आम्ही तेव्हा गाडीतच राहत होतो, दिल्लीजवळ मानेसरला. आधी हे तिथल्या गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत ठेक्यावर होते, कंपनीची बस यायची न्यायला, भाड्याची खोली होती, सगळं ठीक चाललं होतं. मग ठेका संपला, खोली सुटली, आणि बाळ तर नुकतंच पालथं पडायला लागलेलं. अशात ह्यांना एक साहेब भेटले. आपलेच, मराठी. त्यांची बायको, वहिनी म्हणतो आम्ही, सरकारी ऑफिसात, दिल्लीत आर. के. पुरमला त्यांचं क्वार्टर, आणि साहेबांनी स्वतःची नोकरी सोडून एक मोठी जुनी गाडी घेतलेली. तिच्यात पलंग, गॅस, बेसिन, सगळं बसवलेलं. कॅम्पर व्हॅन म्हणतात तिला. लोक सुट्टीला भाड्याने घेतात, पहाडावर जातात, गाडीतच झोपतात. चालवायचे आमचे हे. ट्रिप असली की मी बाळाला घेऊन जुन्या खोलीच्या मालकिणीकडे जायची. एरवी गाडी मानेसरच्या एका रिकाम्या प्लॉटवर उभी, कारण कॉलनीत लावली की शेजारी तक्रार करायचे. साहेब म्हणाले, उभी असेल तेव्हा तुम्ही तिघं आतच राहा, गाडीवर लक्ष राहील आणि तुमची पण सोय होईल.

सोय म्हणजे काय, तेच आमचं घर झालं. दुसरं नव्हतंच.

नियम दोनच होते. पुढच्या बाजूचं वरचं कपाट आणि त्याच्या खालची खोक्यासारखी सीट, दोन्हीला कुलूप, किल्ल्या वहिनींकडे, त्याला हात लावायचा नाही. आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये काही म्हणजे काही लावायचं नाही, ते ट्रिपवाल्या लोकांसाठी. आम्हाला एक पंखा, एक दिवा, नळ आणि मोबाईलची बारीक पिन, बस. उन्हाळाभर तेवढ्यात छान चाललं. छतावर सोलरची पाटी होती, दिवसा ऊन खायची, रात्री पंखा फिरायचा. हे म्हणायचे बघ, लाईटबिल नसलेलं घर.

दिवाळी झाली आणि धूर आला. ज्यांनी दिल्लीकडची ती हवा बघितलीय त्यांना सांगायला नको. सूर्य म्हणजे दुधात पडलेला रुपया. हे रोज वर चढून ओल्या फडक्याने पाटी पुसायचे, फडकं काळंकुट्ट व्हायचं, बाळाला खोकला लागला, आणि बॅटरी बसायला लागली. एकदा बसली, हे म्हणाले थंडी आहे. परत बसली, हे म्हणाले धूर आहे. बॅटरीवाल्याला बोलावलं. बॅटरी बाहेरून गाडीच्या पोटाला, एका झाकणामागे असते. त्याने झाकण उघडलं, पाणी बघितलं, टोकांवरची पांढरी-हिरवी पपडी खरवडली, आणि मला म्हणाला, भाभी, बॅटरी बिल्कुल ठीक है, इसको दिन-रात कोई खा रहा है.

तो गेला पण ते वाक्य राहिलं. मी भाकरी थापतेय तरी डोक्यात तेच, कोण खातंय, कधी खातंय, मी इथेच असते दिवसभर, माझ्या डोळ्यासमोर कोण खातंय.

साहेबांना वाटलं आम्हीच खातोय. फोनवर ह्यांना म्हणाले, हीटर लावता का रे, पाणी तापवायचा रॉड लावता का, लहान मूल आहे, समजू शकतो, पण खरं सांग. हे नाही म्हणाले. साहेब म्हणाले वर्षाच्या शेवटी बुकिंग आहे, पहाडावर बॅटरी बसली तर माझी लाज जाईल, अजून एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं, रागात बोलले म्हणता आलं असतं. फोन ठेवून हे बाळाशी खेळायला लागले आणि माझ्याकडे बघेचनात. त्या थंडीत, खोकणारं मूल घेऊन, कुठे जाणार होतो आम्ही?

मग मी चौकीदारावर डोळा ठेवला. प्लॉटच्या कोपऱ्यात त्याची पत्र्याची झोपडी, म्हातारा माणूस, दिवसभर खाटेवर. त्याच्याकडे आमच्याहून उजेड जास्त. मला वाटलं हा मी पाण्याला गेले की गाडीखाली वायर लावत असणार. एकदा खरंच गाडीखालून काहीतरी लांब जाताना दिसलं, मी वाकून ओढलं, तर त्याच्या खाटेची दोरी, धुवून ताणून वाळत घातलेली. तो तिकडून ओरडला, भाभी, खाट भी ले जाओगी क्या. मी सॉरी म्हटलं, पण संशय काही गेला नाही. सॉरी म्हणणाऱ्याचाच संशय जास्त असतो, मी बघितलंय.

रोज सकाळी मी गाडीच्या पायरीपुढे रांगोळी काढायची, आईची सवय, चाकांचं का असेना, दार ते दार. तर त्या दिवशी मी काय केलं, पायरीपुढे चार ठिपके काढले आणि बाकीची सगळी रांगोळी बॅटरीच्या झाकणाखाली काढली. दाट, पसरट, जवळजवळ सांडलेली. कुणी झाकण उघडायला आला तर त्यात पाय पडल्याशिवाय राहणार नाही. आणि झाकणाच्या फटीवर पण एक बारीक रेघ ओढली. ह्यांना सांगितलं नाही.

चौकीदाराने बघितलं आणि लांबूनच विचारलं, भाभी, ये टोना-टोटका किसके नाम का है? मी म्हटलं, जो चोरी करता है उसके नाम का. त्या दिवसापासून तो आमच्या बाजूने फिरकेना, लघवीला पण पलीकडच्या भिंतीला जायचा.

आणि बॅटरी परत बसली. रांगोळी जशीच्या तशी. फटीवरची रेघ पण शाबूत.

तेव्हा मी खरी घाबरले. बाहेरचं कुणी नाही म्हणजे आतलं. आत आम्ही तिघं, त्यात एक अजून पाऊल न टाकलेलं. मग राहिलं कोण?

हे आजकाल फोन आला की उठून प्लॉटच्या भिंतीपाशी जायचे, पाठ करून बोलायचे. मी विचारलं तर म्हणायचे काही नाही, असंच. दुपारी पार्टच्या दुकानात जातो म्हणून जायचे आणि हात रिकामे घेऊन यायचे. लग्नांचा सीझन, डीजेवाले बॅटऱ्या भाड्याने घेतात असं मी कुणाकडून तरी ऐकलेलं. पण झाकण तर उघडलं नव्हतं. मग काय करतात हे? नवऱ्यावर संशय घेणं म्हणजे, कसं सांगू, जेवताना दर घास बघून खायचा. मी त्यांच्या शर्टाचे खिसे बघितले. मी त्यांच्या हाताचा वास घेतला. बाळ त्यांच्याकडे झेपावलं की मला बाळाचाच राग यायचा.

दुपट्यांचं सांगते आता. त्या धुरात कपडे वाळायचेच नाहीत. बाळाची दुपटी, लंगोट, सगळं गाडीत दोरीवर, सगळं दमट, नाकाला लावलं तर आंबूस वास. एकदा दोरी भरली म्हणून मी एक दुपटं त्या कुलपाच्या सीटवर पसरलं. थोड्या वेळाने उचललं तर वाळलेलं. दोरीवरची सगळी ओली आणि हे एकटं कोरडं. मला वाटलं चुकून आधीच वाळलेलं घातलं असेल. दुसरं घातलं. ते पण वाळलं. मग मी तळहात ठेवला सीटवर. बाहेर धुकं, पायाखालचा पत्रा बर्फ, आणि ती सीट कोमट. आजारी माणसाच्या कपाळासारखी.

मी हात मागे घेतला. आत काय आहे? कुलूपबंद खोक्यात ऊब कशाची? कान लावला तर आत बारीक घूं आवाज, अगदी बारीक, श्वास धरला तरच ऐकू येईल असा. मी बाळाला उचलून गाडीच्या बाहेर येऊन उभी राहिले, अनवाणी, आणि हे येईपर्यंत आत गेले नाही.

हे आले, तर मी दारातच विचारलं, त्या खोक्यात तुम्ही काय ठेवलंय?

त्यांना काही कळेना. म्हणाले, मी कशाला ठेवू, किल्ली वहिनींकडे आहे.

मी म्हटलं, खोटं बोलू नका. भिंतीपाशी जाऊन कुणाशी बोलता? दुकानात जाता आणि काही आणत नाही. काय लपवताय माझ्यापासून?

ते म्हणाले, "खोली शोधतोय. आणि काम. जुन्या ठेकेदारांना फोन करतोय सगळ्या. तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

"मी तशीही झोपत नाहीये," मी म्हटलं.

मग मला रडू आलं, मग बाळ रडायला लागलं, आणि ह्यांनी आत जाऊन सीटवर हात ठेवला. हात ठेवला तो ठेवलाच. मग कान लावला. म्हणाले, अगं, हा इन्व्हर्टर आहे. चालू आहे हा.

त्यांनी मला समजावलं ते असं. आमचा दिवा-पंखा सरळ बॅटरीवर. पण भिंतीतल्या सॉकेटला घरच्यासारखी वीज लागते, ती बॅटरीतून हा इन्व्हर्टर बनवतो. ट्रिपला लोक लॅपटॉप, मिक्सर लावतात तेव्हाच तो चालू करायचा. सॉकेटला काही लावलं नाही तरी नुसता जागा राहायला पण तो बॅटरी खातो, दिवसरात्र, थोडी थोडी. उन्हाळ्यात सोलर ते भरून काढत होतं, धुरात भरून काढायला ऊनच नाही. आणि त्याचा खटका वरच्या कपाटात. कुलपात.

मला एवढं हलकं वाटलं. म्हटलं चला, सापडलं, आत्ताच साहेबांना फोन लावा.

ह्यांनी लावला. आणि साहेब काय म्हणाले? इन्व्हर्टर मी स्वतः बंद करतो दर ट्रिपनंतर. तो चालू आहे हे तुला कसं कळलं? म्हणजे सॉकेट वापरता तुम्ही. हे सांगायला लागले की सीट गरम लागली, दुपटं वाळलं. ते ऐकायला कसं वाटत असेल ते मला शेजारी बसून पण कळत होतं. साहेब म्हणाले, रविवारी येतो आम्ही, समोरासमोर बोलू, आणि तुमचं सामान आवरून ठेवा.

आवरायला होतं काय. दोन पिशव्या आणि बाळाची बादली.

रविवारी पहाटेच नळ गुरगुरला. मी म्हटलं झालं, आजच व्हायचं होतं. साहेब-वहिनी दुपारी आले. वहिनींनी बाळासाठी स्वेटर आणलेलं, ते मला देताना पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पिशव्यांकडे बघत होत्या. आणि एकदा, मी नीट बघितलं, एकदाच त्यांची नजर त्या वरच्या कपाटाकडे गेली आणि चटकन खाली आली. मला तेव्हाच खटकलं. एवढे दिवस सगळ्यांवर संशय घेऊन घेऊन माझी नजर तेवढी तयार झालेली.

साहेबांनी सीटवर हात ठेवला. ठेवून म्हणाले, कुठे गरम आहे?

ह्यांनी ठेवला. गार. मी ठेवला. गारढोण. अर्थातच गार, बॅटरीच पहाटे मेलेली, इन्व्हर्टर कशावर चालणार. पण ते मला तेव्हा सुचलं नाही, ह्यांनाही सुचलं नाही, आम्ही दोघं चोरासारखे उभे. साहेबांनी नुसती मान हलवली. म्हणाले, मला खोटं बोललेलं चालत नाही, बाकी सगळं चालतं. ह्यांनी वाकून पिशवी उचलली सुद्धा.

मला काय झालं माहीत नाही. एरवी मी मोठ्या माणसांपुढे बोलत नाही, नववीत शाळा सुटली तेव्हापासून शिकलेल्या लोकांपुढे माझी जीभ जड होते. पण मी साहेबांशी बोललेच नाही, मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, ते कपाट एकदा उघडा."

"ते देवाचं कपाट आहे," त्या म्हणाल्या. "त्यात काही नाही."

"नसू दे. एकदा उघडा. आम्ही जाणारच आहोत, जाता जाता नमस्कार तरी करते."

नमस्काराला कसं नाही म्हणणार? त्यांनी पर्स उघडली, किल्ली शोधायला फार वेळ लावला. साहेब म्हणाले, अगं दे लवकर. कपाट उघडलं. आत छोटा गणपती, कुंकवाची डबी, आणि त्यांच्यापुढे पणतीच्या आकाराचा विजेचा दिवा, सॉकेटला लावलेला. त्याच्या बाजूला इन्व्हर्टरचा खटका, खाली दाबलेला, म्हणजे चालू. दिवा काळा.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "हा विझला कसा?"

ते त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग कुणाला काही विचारायची गरजच राहिली नाही. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. हळू विचारलं, हा चालू असतो? कधीपासून?

कधीपासून ते वहिनींनी मग सांगितलं, साहेबांना नाही, माझ्याकडे बघून. गाडी घेतली तेव्हा पहिल्या ट्रिपला साहेब स्वतः चालवत होते, आणि पहाडातल्या एका वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. कशी गाडी बाजूला घेतली ते वहिनींनाच माहीत. तेव्हापासून ड्रायव्हर ठेवला, आणि तेव्हापासून हा नंदादीप. साहेबांनी ट्रिप संपल्यावर खटका बंद करायचा, मग वहिनींनी देवाला नमस्कार करायच्या निमित्ताने तो परत दाबायचा आणि कुलूप लावायचं. एवढुसा दिवा, त्याला कितीशी वीज लागणार असं त्यांना वाटलेलं. दिव्याला नव्हतीच लागत. तो पेटता राहावा म्हणून खालचं एवढं मोठं धूड जागं राहायचं, त्याला लागत होती.

साहेब म्हणाले, आणि तू ह्या पोरांना बोलणी खाऊ दिलीस. वहिनी मला म्हणाल्या, किती वेळा विझला असेल गं?

मला माहीत होतं. दर वेळी नळ गुरगुरायचा तेव्हा तेव्हा, वर कुलपाच्या आत, तो पण जायचा. बॅटरी भरली की आपोआप लागायचा, वहिनी यायच्या तेव्हा लागलेला असायचा. मी म्हटलं, मला कसं कळणार वहिनी, कुलूप होतं ना. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचा राग यायच्या ऐवजी भीतीच वाटली. मूल आजारी असताना माझा होतो तसाच चेहरा.

साहेबांनी खटका बंद केला, पिन काढली. ह्यांना म्हणाले पिशव्या ठेवा आत, आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांचे डोळे भरून आले, ते बाळाचं नाक पुसायला लागले. पण वहिनी त्या सीटवर बसल्या त्या उठेनात. म्हणाल्या, दिवा बंद केलेल्या गाडीत मी कुणाला बसू देणार नाही, तुम्हाला नाही, ह्या लेकराला पण नाही. विका ती. साहेब म्हणाले वेड लागलंय का. त्या म्हणाल्या, विका.

म्हणजे परत तेच. चोर सापडला आणि घर तरी जाणारच. मी एका दमात बोलून टाकलं, "मी लावीन. तेलाचा, खरा. आत गॅस आहे म्हणून बाहेर, पायरीपाशी. रोज संध्याकाळी."

वहिनींनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "रोज?"

"रोज."

"मला दाखवायचा. फोनवर. मी बघितल्याशिवाय नाही मानणार."

असं ठरलं. साहेबांनी दुसरं सोलर बसवलं, बॅटरी मग त्या थंडीत बसली नाही. ट्रिप असली की पहाडावर जिथे थांबतील तिथे हे लावायचे, आणि गाडी मानेसरला असली की मी. राहायची जागा राहिली. पण आधी मी रात्रंदिवस बॅटरीला जपत होते, आता संध्याकाळ व्हायला लागली की सगळं लक्ष वाऱ्याकडे. मानेसरला संध्याकाळी वारा सुटतो आणि शिफ्ट सुटते, कंपनीच्या बसा एकामागून एक जातात, प्रत्येक बस धुळीचा एक लोट आमच्याकडे ढकलते. मी पणती पायरीच्या कोपऱ्यात ठेवायची, बाळाला ओढणीने पोटाशी बांधलेलं, एका हातात फोन, दुसऱ्या हाताचा आडोसा.

पहिल्याच दिवशी वहिनी स्क्रीनवर आल्या, ऑफिसातून नुकत्या आलेल्या, केस पण सोडलेले नव्हते. बघत राहिल्या. म्हणाल्या, "हात काढ ना, मला ज्योत दिसत नाहीये."

बस येत होती. मी हात काढला आणि वाऱ्याकडे पाठ करून, बाळासकट, दिव्याभोवती वाकून उभी राहिले. म्हटलं, बघा वहिनी, नीट बघा, आहे.